चढावर गमावलं, उतारावर दिसलं : जुलैतल्या दहा किलोमीटरचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या साताऱ्यातल्या धावणाऱ्यांच्या गटातल्या एका सदस्याचं आहे. वय ४४, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. गटात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, घड्याळातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. मी गटाचं आठवड्याचं वेळापत्रक बनवतो आणि कोण किती पळालं याची वही ठेवतो. प्रशिक्षक वगैरे नाही. या प्रकरणात माझाही हात आहे, तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

चाळिशीत साखरेचा रिपोर्ट काठावर आला, तेव्हा गुरुजी पहाटे ‘चार भिंती’च्या टेकडीपर्यंत चालायला लागले. चालण्याचं पळणं झालं. तिसऱ्या वर्षी त्यांनी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पुरी केली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शहरातून निघायचं, यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं, असा हा २१ किलोमीटरचा मार्ग. शर्यत २०१२ पासून होते. एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं पळाल्याची गिनीज बुकातली नोंद २०१५ मध्ये याच शर्यतीच्या नावावर लागली. त्यामुळे आमच्याकडच्या हौशी धावपटूचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होतं आणि सप्टेंबरात या घाटात त्याचा निकाल लागतो.

मागच्या सप्टेंबरात गुरुजींची वेळ होती २ तास ४ मिनिटं. त्यानंतर दिवाळी ते संक्रांत त्यांनी आठवड्याला ३५ किलोमीटर कधी सोडले नाहीत. जानेवारीत सांगलीकडच्या सपाट रस्त्यावर १० किलोमीटर ५१ मिनिटांत मारले. गटात पेढे वाटले, कंदी, दुसरे कुठले!

मग वहीत एक भोक पडलं. मार्चमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी, एप्रिलमध्ये घरात पुतणीचं लग्न, मेमध्ये ऊन. या काळात आठवड्याला १०-१२ किलोमीटर, दोन आठवडे तर कोरे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पळणं परत २० किलोमीटरवर आलं, तेही सगळं शाहू स्टेडियमवर किंवा माहुलीच्या रस्त्याला, म्हणजे सपाटीवर. घाटात एकदाही नाही.

त्यातच माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली. गुरुजी गावच्या दिंडीबरोबर लोणंदपासून बरडपर्यंत चालले. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण पाहून आले, चेहऱ्यावर तेज घेऊन आले. आणि एक समजूतही घेऊन आले, की चार दिवस चाललो म्हणजे पाय तयार आहेत.

जुलैच्या मध्यावर घाटात १० किलोमीटरची एक छोटी शर्यत असते. पाच वर, पाच खाली. गुरुजींची मागच्या वर्षीची वेळ होती ५६:१०.

पहिला निर्णय : ५४ हा आकडा कुठून आला

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी चहाच्या टपरीवर लक्ष्य ठरलं. गुरुजींचा हिशोब सोपा होता. सपाटावर ५१ लागली, चढाची तीन मिनिटं धरा, ५४.

गटातले काका, बँकेतून निवृत्त, वय ६३, गेली पाच वर्षं एकाच संथ चालीत पळणारे, ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "गुरुजी, जानेवारीत पाठ केलेलं पोरांना जुलैत येतं का हो?"

गुरुजी हसले. "काका, उजळणी केली की येतं."

मी काही बोललो नाही. वहीत लिहिलं : ५४.

पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. ५४ हा आकडा जानेवारीतल्या गुरुजींचा होता. जुलैतले गुरुजी सहा आठवडे पळालेले होते, मधे मोठा खंड होता. सराव थांबला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातल्या पाण्याचा भाग कमी होतो आणि तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. सराव पुन्हा सुरू केला की दम तुलनेनं लवकर परत येतो. स्नायूंचे बंध आणि सांध्यांभोवतीचे पट्टे मागून, सावकाश येतात. स्टेडियमवर गुरुजींना बरं वाटत होतं ते दमाच्या जोरावर. पायांना कुणी विचारलंच नव्हतं.

वारीचंही तसंच. चालण्यानं चिवटपणा येतो, पायाची कातडी टणक होते, मन तर होतंच. पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दर पावलाला अंग हवेतून येऊन एका पायावर पडतं, आणि घाट उतरताना तर ते थोपवून धरावं लागतं. हा भार लोणंद ते बरड कुठेच येत नाही.

शर्यतीचा दिवस

सकाळी साडेसहा. यवतेश्वर ढगात बुडालेला, बारीक भुरभुर, हवा गार. अशा हवेत माणूस फसतो. गारवा असतो, पण दमटपणा इतका की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. गुरुजींनी पाऊण तास आधी पोहे आणि दुधाचा चहा घेतला होता. मागच्या वर्षी नुसतं एक केळं खाल्लं होतं. विचारलं तर म्हणाले, "घरातनं कुणी उपाशी सोडतं का?"

पहिला किलोमीटर शहरातला, गर्दीचा, ढोल वाजतोय, शाळेची पोरं "गुरुजी, गुरुजी" ओरडतायत. वेळ ५:०५. ठरलं होतं ५:२०. मी त्यांच्या शेजारीच पळत होतो. समर्थ मंदिर मागे टाकून घाटाला लागताना मी घड्याळ बघून म्हणालो, "भारी चाललंय गुरुजी, पंधरा सेकंद शिल्लक टाकली!"

हे वाक्य मला अजून टोचतं. पंधरा सेकंद शिल्लक पडलेली नव्हती, उसनी काढलेली होती.

दुसरा किलोमीटर घाटातला. तो ५:५० नं जायला हवा होता, गेला ५:२० नं. या दहा मिनिटांत मी बडबडत होतो आणि गुरुजी नुसतं "हं, हं" करत होते. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग आवाक्याबाहेर आहे, ही सगळ्यात जुनी आणि फुकटातली कसोटी. मी ती गटातल्या नवख्यांना शिकवतो. त्या दिवशी उत्तर माझ्या कानात येत होतं आणि मी ऐकत नव्हतो. हा दुसरा निर्णयाचा क्षण, आणि तो आम्हा दोघांच्याही हातून न घेताच निघून गेला.

पुढचे आकडे एका दमात : तिसरा ६:१०, चौथा ७:०५, पाचवा ७:५०. पाचव्यात ते दोनदा चालले. वळणाच्या टेबलापाशी ३१:३०. तिथे त्यांनी दोन ग्लास पाणी गटागटा प्यायलं. दहा किलोमीटरला, त्या हवेत, एवढ्याची गरज नव्हती.

खाली येताना मात्र ते सुटले. सहावा ५:१०, सातवा ५:००. गेलेली वेळ भरून काढायची होती. टाचा आपटत, पाय लांब टाकत, ओल्या रस्त्यावर. आठव्यात बरगडीखाली कळ आली, ५:२५. नवव्यात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं सुरू झालं, ६:३५. शेवटचा किलोमीटर लंगडत, ७:०२. एकूण १ तास ४२ सेकंद.

पदक गळ्यात न घालता खिशात टाकलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. शाळेची पोरं पाया पडायला आली तेव्हा मात्र उठून उभे राहिले.

अडचण नेमकी कोणती होती

त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं की गुरुजी चढावर मेले. मलाही तेच वाटलं. संध्याकाळी वही काढून मागच्या वर्षीचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा वेगळंच दिसलं.

मागच्या वर्षी वर जायला ३०:२०, खाली यायला २५:५०. या वर्षी वर ३१:३०, खाली २९:१२. म्हणजे एवढी ओढाताण होऊनही चढावर गेली फक्त १ मिनिट १० सेकंद. उतारावर गेली ३ मिनिटं २२ सेकंद.

याचा अर्थ मी असा लावला. चढावर त्यांनी पायातलं होतं नव्हतं ते खर्च केलं. ते तिथे दिसलं नाही, कारण चढावर सगळेच हळू असतात. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणला जात असतानाच वजन पेलावं लागतं. घाट उतरताना ट्रकवाला गिअर खाली टाकतो. नुसत्या ब्रेकवर उतरला तर ब्रेक तापतात आणि पायथ्याला लागतच नाहीत. गुरुजींचे ब्रेक आठव्या किलोमीटरला तापले. मांड्यांनी हात टेकले आणि भार गुडघ्यावर आला.

पण माझा अर्थ शंभर टक्के बरोबर आहे असा दावा नाही. सुरुवात सावकाश केली असती तरी, मार्चपासून एकदाही घाट न उतरलेल्या मांड्या आठव्या किलोमीटरला बोलल्या असत्याच. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि एका शर्यतीवरून ती सोडवता येत नाहीत. कळ पोह्यांची की पाण्याची, तेही सांगता येत नाही. दोन्हीची असावी.

पुढचा प्रश्न होता सप्टेंबरचा. हिल हाफला आठ आठवडे उरले होते, आणि फेब्रुवारीत भरलेल्या उमेदीत गुरुजींनी घरी, शाळेत, सगळीकडे सांगून ठेवलं होतं : यंदा दोन तासांच्या आत.

समोरचे पर्याय

गुरुजींच्या मनात पहिला पर्याय होता तो दोनच आठवड्यांत दुसरी १० किलोमीटरची शर्यत मारून डाग पुसायचा. हा शिक्षकी बाणा म्हणावा लागेल, नापास झालं की लगेच फेरपरीक्षा. त्यात एकच खोट होती. दोन आठवड्यांत अभ्यास होत नाही, फक्त पेपर परत होतो.

दुसरा, लक्ष्य तेच ठेवून आठवड्याचे किलोमीटर झपाट्यानं वाढवायचे. गटातले तरुण याच्या बाजूनं होते. तरुणांचे गुडघे तरुण असतात.

तिसरा, यंदाची हाफ सोडून द्यायची. गुरुजींच्या घरातून याला पाठिंबा होता.

चौथा, हाफ पळायची, पण वेळेचं लक्ष्य काढून टाकायचं. आठ आठवडे घाट चढण्या-उतरण्याची सवय करायची आणि शर्यत श्वासाच्या अंदाजानं पळायची. मी याच्या बाजूनं होतो. पण खरं सांगतो, त्यात माझी अपराधी भावनाही मिसळलेली होती. आधी ५४ लिहून मोकळा झालो होतो, आता अंमळ जास्तच सावध झालो होतो.

निर्णय लगेच झाला नाही. त्याआधी बुधवार आला.

बुधवारची चूक

शर्यत रविवारची. अशा उतारानंतर मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आखडतात. गुरुजी मंगळवारी शाळेचा जिना आडवे होऊन उतरत होते. बुधवारी पहाटे त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली आणि कुणाला न सांगता माहुलीपर्यंत आठ किलोमीटर पळून आले. गोळीनं दुखणं झाकलं, भार झाकला नाही. संध्याकाळी गुडघा वाकवता येईना.

गटातल्या एक ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी तपासून सांगितलं की मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा चिडलाय, आतला सांधा ठीक वाटतोय. मग गोळीवरून त्यांनी गुरुजींना वर्गात उभं केल्यासारखं झापलं. पळण्याआधी अशी गोळी घ्यायची नाही. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तिचा ताण मूत्रपिंडावर येतो, आणि साखर काठावर असलेल्या माणसानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

गुरुजी खाली मान घालून एवढंच म्हणाले, "ताई, मला बघायचं होतं की अजून जमतंय का."

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. शर्यतीनं त्यांना सांगितलं होतं की सहा आठवड्यांचा सराव सहा आठवड्यांचाच असतो. त्यांनी ऐकलं ते असं, की मी संपलो.

तिथे काकांनी कामगिरी केली. गुरुजी शाळेत धावपटू ललिता बाबर यांचं उदाहरण कायम देतात, माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी रिओत कशी पोचली म्हणून. काका म्हणाले, "त्या २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत ९:१९.७६ पळाल्या. दोन दिवसांनी फायनलला ९:२२.७४. मग फायनलला त्या काय कमी झाल्या होत्या का? ऑलिंपिकची फायनल गाठणाऱ्या बाईची वेळ दोन दिवसांत मागं-पुढं होती, आणि तुम्ही जानेवारीची जुलैला मागताय." काकांना असे आकडे पाठ असतात, बँकेची सवय.

चौथा पर्याय त्या संध्याकाळी ठरला.

काय केलं

दहा दिवस पळणं बंद. सपाटीवर चालणं, तेही दुखणार नाही एवढंच. ताईंनी कमरेच्या बाजूचे स्नायू भरायचे तीन व्यायाम दिले. त्याशिवाय एक, जो गुरुजींनी शाळेत मधल्या सुट्टीत केला. व्हरांड्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय सावकाश खाली जमिनीला टेकवायचा, मनात पाच आकडे मोजत. आठवडाभरात चौथीतली पोरं रांगेनं तेच करायला लागली.

तिसऱ्या आठवड्यापासून घाट. यात मी वेळापत्रकाची माझी जुनी पद्धत मोडली. आम्ही घाटाला नेहमी चढाईचा सराव म्हणतो आणि खाली येताना गप्पा मारत कसंही येतो. गुरुजींसाठी उलटं केलं. वर चालत जायचं, खाली पळत यायचं, पहिल्या वेळी फक्त दीड किलोमीटर. पावलं आखूड आणि भराभर, अंग मागे न रेलता, पाय गुडघ्याच्या पुढे न फेकता. उताराचा एक फायदा असा की एकदा मांड्यांनी थोडा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच माराला त्या कमी दुखतात. म्हणून आठवड्यातून एकदाच, आणि दर वेळी थोडंच जास्त. पाचव्या आठवड्याला ते पाच किलोमीटर उतरले आणि सोमवारी जिना सरळ उतरले. जिन्याचा फोटो गटावर टाकला होता!

लांब पळणं १६ किलोमीटरवर थांबवलं. ते कमी होतं. पण ऑगस्टच्या मध्यावर गुडघा दोन दिवस कुरकुरला, तेव्हा १८ चा आकडा खोडला.

निकाल

सप्टेंबरात गुरुजी घड्याळावर पट्टी चिकटवून पळाले. घाटात जिथे बोलता येईना तिथे चालले, लोक पुढे जात होते तरी. वर जायला १ तास ११ मिनिटं, खाली यायला १ तास १ मिनिट. एकूण २ तास १२ मिनिटं. गुडघा दुखला नाही. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये त्यांनी मला मागे टाकलं. हे मी स्वतःच लिहितोय, म्हणजे नोंद पक्की.

मागच्या वर्षीपेक्षा मात्र आठ मिनिटं जास्त लागली. त्यातली सहा चढावरची आणि दोन उतारावरची. जुलैत जे उतारावर जात होतं ते बरंचसं सावरलं, पण चढावरचा दम आठ आठवड्यांत आला नाही, कारण आम्ही त्यावर कामच केलं नव्हतं. गुरुजींना मी हे कौतुकानं समजावायला गेलो, तर म्हणाले, "दादा, गोड बोलू नका. आठ मिनिटं मागंच आहे की." ते बरोबर आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैची शर्यत पळायलाच नको होती का? माझं मत, पळायलाच हवी होती. हंगामाच्या सुरुवातीला अशी एक शर्यत नसेल तर माणूस सप्टेंबरपर्यंत जानेवारीच्या भ्रमात राहतो. चुकलं ते तिला विचारलेल्या प्रश्नात. "५४ होतात का" याऐवजी "आज मी कुठे आहे" हे विचारलं असतं, तर पहिले पाच किलोमीटर गप्पा मारत चढून उतारावर पाय काय म्हणतात ते बघितलं असतं. तीच माहिती लंगडत न जाता मिळाली असती, कदाचित ५८-५९ मिनिटांत.

जूनमध्ये दोनदा तरी घाट उतरायला हवा होता, चालत गेलेलं चाललं असतं. वहीत सगळं सपाट दिसत होतं आणि वही माझ्याकडे होती. पाऊस लागला की घाटात शेवाळ, धुकं, मुंबई-पुण्याच्या गाड्या, म्हणून आम्ही टाळतो. कारण खरं आहे, पण शर्यत त्याच घाटात असते.

सप्टेंबरच्या निर्णयाबद्दल मी अजून पक्का नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्याला एक जोराची चढाई दिली असती, तर गुडघ्यानं बहुधा सोसलं असतं. मी दिली नाही. बुधवारच्या प्रकाराची धास्ती माझ्याच मनात बसली होती.

आता मी कुणाच्या शेजारी पळताना पहिल्या दोन किलोमीटरमध्ये घड्याळाचा आकडा बोलून दाखवत नाही. त्याऐवजी प्रश्न विचारतो, घरचं कसं काय, भात लावला का. उत्तर "हं" आलं तर वेग कमी करतो, माझाही आणि त्याचाही.

पुढच्या जुलैच्या शर्यतीला गुरुजींनी नाव द्यायचं ठरवलंय. परवा टपरीवर वही उघडून मी विचारलं, लक्ष्य किती लिहू? त्यांनी वही ओढून घेतली, पानं मागे उलटून एप्रिल-मेचे कोरे आठवडे बघितले आणि वही मिटून परत दिली.

"आधी एप्रिल कसा जातोय ते बघू. अजून धाकट्या पुतणीचं लग्न आहे."